निसरपूरची वाट आणि वेताळाची बहीण

तुमच्या घरात नर्मदा परिक्रमा केलेलं कोणी असेल, तर त्यांना कोटेश्वर विचारा. उत्तर तटावरचं हे तीर्थ त्यांना नक्की आठवेल. त्याच्याजवळचं बाजाराचं गाव म्हणजे निसरपूर. जिल्हा धार, तहसील कुक्षी. इंदूर, देवास, धारच्या आपल्या मराठी घरांतून महेश्वर, मांडू, ओंकारेश्वरच्या सहली वर्षातून एकदा तरी निघतातच. निसरपूरला मात्र मुद्दाम कोणी जात नाही. जुनं निसरपूर आता सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं आहे, हे त्यामागचं एक कारण. पण मला वाटतं, एकदा तरी जावं. जाताना गाडीत एखादी वाचणारी मुलगी असेल तर फारच बरं.

आमच्या गाडीत तशी एक होती. माझी भाची, वय वर्षं 13. सुट्टीत इंदूरला आलेली, चित्रं काढायची भारी हौस. माळ्यावरच्या ट्रंकेत तिला तिच्या आईचा आणि माझा लहानपणीचा खजिना सापडला: इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा, डायमंड कॉमिक्स, राज कॉमिक्स. ती पिशवी घेऊनच ती गाडीत बसली. धार ओलांडेपर्यंत तिचे चार अंक वाचून झाले होते, आणि तिने वहीत रकाने आखायला घेतले होते. पहिला रकाना, बाईचं नाव. दुसरा, ती कोणाची कोण. तिसरा, गोष्टीत ती काय करते.

धार सोडलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याचे उतार सुरू होतात. टांडा, मग बाग, मग कुक्षी. सागाची झाडं, मक्याची शेतं, मध्येच भिलाल्यांची विखुरलेली घरं. आम्ही बाहेर बघत होतो आणि मागून यादी ऐकू येत होती.

डायना पामर: वेताळाची प्रेयसी. नार्दा: मॅन्ड्रेकची प्रेयसी. बेला: बहादूरची मैत्रीण. बिनी: चाचा चौधरींची बायको. दुसरा रकाना भराभर भरला. तिसऱ्या रकान्यावर मात्र गाडी अडली, कारण तिथे लिहिण्यासारखं होतं, पण ते गोष्टीत क्वचितच उपयोगाला यायचं. डायना ऑलिंपिकमधली पाण्यात सूर मारणारी खेळाडू आणि पुढे संयुक्त राष्ट्रांत काम करणारी बाई. तरी बऱ्याचदा तिचं काम म्हणजे पळवून नेलं जाणं. नार्दा राजकन्या. बेला कराटे जाणणारी. आबिद सुरतींनी 1976 मध्ये बहादूर आणला, तेव्हा बेला त्याच्या बरोबरीने मारामारी करायची, हे त्या काळात नवं होतं. पण मुखपृष्ठावरचं नाव बहादूरचंच.

आमच्या पिढीला वेताळाचं फार वेड. 1964 पासून 1990 पर्यंत टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल मालिकेने त्याला इंग्रजी, हिंदी, मराठीतून घरोघरी नेलं. वेताळ अमर आहे असं जंगलातले लोक मानतात, पण खरं म्हणजे बापानंतर मुलगा तो मुखवटा चढवतो. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो 21वा. आता गंमत ऐका. ली फॉक यांनी 1952 मध्ये एक गोष्ट लिहिली. त्यात 17वा वेताळ जायबंदी होतो आणि त्याची जुळी बहीण ज्यूली तो पोशाख घालून त्याचं काम करते. जंगल तिला वेताळ म्हणून मानतं. म्हणजे मुखवटा चढवून काम केलेली माणसं मोजली तर ती बाविसावी होते. पण आकडा 21च राहिला. ज्यूली गणतीत नाही.

हे मी भाचीला सांगितल्यावर तिने वहीत नवा रकाना काढला: "मोजली का?"

हा प्रश्न फक्त पात्रांपुरता नाही. वाचणाऱ्या मुलींचंही तेच झालं. आमच्या लहानपणी अंक घरी कसा यायचा ते आठवा. भाऊ नाक्यावरच्या दुकानातून भाड्याने आणायचा किंवा स्टेशनच्या स्टॉलवरून विकत घ्यायचा. मग तोच अंक बहीण वाचायची, मावसबहीण वाचायची, शेजारची वाचायची, मटार सोलता सोलता आईही वाचायची. दुकानदाराला दिसायचा तो एक मुलगा. दुकानदाराकडून जे कळतं त्यावर प्रकाशक ठरवतात की आपला वाचक कोण, आणि त्या वाचकाला आवडेल असं पुढचं पुस्तक काढतात. त्या पुस्तकात मुलीला जागा नसते, म्हणून मुली दुकानात जात नाहीत, आणि प्रकाशक म्हणतात, बघा, मुली वाचतच नाहीत.

अमेरिकेत हे चक्र फार स्पष्ट दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मुली धडाक्याने कॉमिक्स वाचत होत्या. 1947 मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने सुरू केलेल्या यंग रोमान्सपाठोपाठ तशा मासिकांची रांग लागली. पुढे 1970 च्या दशकापासून कॉमिक्सची विक्री हळूहळू नाक्यावरच्या दुकानांतून निघून खास कॉमिक्सच्या दुकानांत गेली. तिथे जमायचे ते बहुतेक मुलगे आणि संग्रह करणारे पुरुष. प्रकाशकांनी त्यांच्यासाठीच लिहायला सुरुवात केली. 1941 मध्ये आलेली वंडर वूमनसुद्धा यातून सुटली नव्हती. 1942 मध्ये तिला वीरांच्या संघात घेतलं, ते सचिव म्हणून! विमानं अडवणारी बाई सभेची टिपणं लिहायला बसली. आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीत पाणी-चहाची व्यवस्था कोणाकडे असते ते आठवलं, तर हसू येईल आणि थोडं टोचेलही.

1999 मध्ये गेल सिमोन यांनी एक यादी केली. नायकाला राग यावा, दुःख व्हावं, एवढ्याचसाठी ज्यांना मारलं किंवा जायबंदी केलं अशा कॉमिक्समधल्या स्त्रियांची. ती बरीच लांबली. सिमोन यांच्याच हाती पुढे वंडर वूमनचं लेखन आलं.

एव्हाना बाग आलं होतं. निसरपूरला जाताना बागच्या लेण्यांना वळसा घालणं अगदी सोपं आहे, आणि आमच्या विषयाला ते सोडून चाललंच नसतं. बाघनी नदीच्या काठी, वाळूच्या खडकात कोरलेल्या या बौद्ध लेण्या. मूळच्या नऊ, त्यातल्या पाच आज शिल्लक. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. भिंतींवरची चित्रं खडकाच्या ओलीने खराब होत होती, म्हणून 1982 मध्ये ती उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. त्याआधी 1921 मध्ये नंदलाल बोस आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांच्या नकला करून ठेवल्या होत्या. त्या नकलांची छायाचित्रं आम्ही फोनवर घेऊनच गेलो होतो.

भिंतीवरची चित्रं एकापुढे एक अशी लावलेली होती. त्यातल्या पहिल्याच प्रसंगात दोन बायका बसल्या आहेत. एकीने दुःखाने चेहरा हाताने झाकला आहे. दुसरी तिच्याकडे वळून तिचं ऐकते आहे. पुढे नर्तकाभोवती फेर धरलेल्या, टाळ आणि टिपऱ्या घेतलेल्या बायका आहेत; आणखी पुढे घोड्यांची आणि हत्तींची मिरवणूक.

अमेरिकन चित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 च्या एका चित्रपट्टीतून एक सोपी कसोटी प्रसिद्ध झाली. कथेत निदान दोन स्त्रिया आहेत का? त्या एकमेकींशी बोलतात का? आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? ट्रंकेतले बरेचसे अंक दुसऱ्याच प्रश्नावर नापास झाले होते. बागच्या भिंतीवरच्या या दोघी पहिल्या दोन प्रश्नांत सहज उत्तीर्ण. तिसऱ्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही. त्या कशाबद्दल बोलत असतील यावर कुक्षीपर्यंत आमच्यात वाद चालला. पंधराशे वर्षं होत आली, दोन बायकांचं बोलणं चित्रात आहे, आणि ते काय असेल याची उत्सुकता अजून टिकून आहे.

कुक्षीत दाल-पानिया खा. मक्याच्या पिठाचे पानिये पळसाच्या पानांत घालून गोवऱ्यांवर भाजतात; वर तूप आणि तिखट डाळ. जेवताना ट्रंकेतला दुसरा गठ्ठा बाहेर आला.

अमर चित्रकथा 1967 मध्ये अनंत पै यांनी मुंबईत सुरू केली. तिथे नावांची वाण नाही: झाशीची राणी, चांदबीबी, रझिया सुलताना, राणी दुर्गावती, ताराबाई, मीराबाई. संपादनात कमला चंद्रकांत होत्या, चित्रांत राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे आपले मराठी हात होते. आमच्या पिढीच्या मुलींना घोड्यावर बसलेली बाई मुखपृष्ठावर दिसली ती इथेच. त्याच मालिकेत जोहार करणारी पद्मिनीही होती आणि पतीसाठी यमामागे जाणारी सावित्रीही. मुखपृष्ठावर येण्यासाठी बाईने राणी तरी असावं, संत तरी असावं, नाहीतर पतिव्रता तरी. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी या मालिकेत बसतच नव्हती.

ती डायमंड कॉमिक्समध्ये सापडेल असं वाटलं होतं. प्राण यांची पिंकी आहे की! पण पिंकी पाच वर्षांची. त्यानंतर एकदम श्रीमतीजी आणि चन्नी चाची. म्हणजे मुलगी पाच वर्षांपर्यंत खोडकर, आणि मग थेट लाटणं हातात घेतलेली. मधली सगळी वर्षं गायब. माझ्यासमोर बसलेली मुलगी नेमकी त्या मधल्या वर्षांतली होती. राज कॉमिक्समध्ये मात्र एक सापडली: सुपर कमांडो ध्रुवची बहीण श्वेता. हुशार, स्वतः उपकरणं बनवणारी, आणि मुखवटा घालून चंडिका होणारी. पण ती चंडिका आहे हे भावापासूनच लपवून ठेवलेलं. "पुन्हा बहीणच," भाची म्हणाली, आणि ज्यूलीच्या खाली तिचं नाव लिहिलं.

मराठीत आपली स्थिती थोडी बरी म्हणायची. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्याच्या जोडीला चिंगीही लिहिली. 1991 पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागलेल्या चिंटूत मिनी आहे, आणि ती चिंटूला गप्प बसवते. तरी पट्टीचं नाव चिंटूच.

कुक्षीहून निसरपूर जवळच आहे. दोन्ही बाजूंना कापूस, मिरची, केळी. निमाडची ही काळी जमीन किती कसदार आहे ते पिकांकडे बघूनच कळतं. बागच्या लेण्यांपाशी पाहिलेली बाघनी इकडेच येते, ऊरी नदीला मिळते आणि निसरपूरजवळून नर्मदेत जाते. आता तिथे नदी कुठे संपते आणि जलाशय कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर 1979 मध्ये निवाडा दिला. धरणाचे दरवाजे 2017 मध्ये बंद झाले. सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण पातळीला, म्हणजे 138.68 मीटरला भरला, आणि त्या पावसाळ्यात निसरपूरचा बाजार, गल्ल्या, घरं पाण्यात गेली. आता लोक वरच्या अंगाला बसाहटीत राहतात. पुनर्वसनाच्या वस्तीला इकडे बसाहट म्हणतात. सरळ आखलेले रस्ते, सारखे प्लॉट. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा पाणी थोडं मागे सरलं होतं. कडेला चौथरे आणि भिंतींचे तुकडे दिसत होते, वाळलेला गाळ त्यांना चिकटलेला.

धरणाच्या बऱ्यावाईटाचा वाद मोठा आहे. गुजरातच्या कोरड्या भागांना पाणी मिळालं हेही खरं आणि इथली घरं गेली हेही खरं. तो सगळा इथे मांडायचा नाही. त्या निवाड्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्या वहीतला चौथा रकाना तिने भरला. भरपाई द्यायची तर कुटुंब म्हणजे काय ते ठरवावं लागतं. लवादाने ठरवलं: नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली, म्हणजे विधवा आईसारखी माणसं. शिवाय प्रत्येक सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरायचं. सज्ञान मुलीबद्दल तसं वाक्य नाही. घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आणि त्याच वयाची, लग्न न झालेली मुलगी असेल, तर निवाड्याच्या हिशोबात तो एक कुटुंब आणि ती कोणीतरी अवलंबून.

हे लिहिणाऱ्यांच्या मनात मुलींविषयी राग होता असं मुळीच नाही. मुलगी लग्न होऊन जाणार, तिला तिकडे मिळेल, असं सगळेच धरून चालले होते. कॉमिक्सच्या प्रकाशकांच्याही मनात राग नव्हता. मुली काय, भावाचं वाचतील, असं तेही धरून चालले होते. गणती करणाऱ्याचं गृहीतच इतकं साधं असतं की ते कोणी तपासून बघत नाही. मात्र एका ठिकाणी त्याची किंमत एक गोष्ट असते आणि दुसऱ्या ठिकाणी जमीन.

बसाहटीत एका ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. गल्लीत सगळे त्यांना मुलाच्या नावाने, अमक्याची माँ म्हणून ओळखत होते. भाचीने त्यांना विचारलं, तुमचं जुनं घर कुठे होतं? त्यांनी पाण्याकडे हात केला आणि बाजारातली दुकानं ओळीने सांगायला लागल्या: आधी सोनार, मग कापडवाला, मग किराणा, मग वळण. भाची काढत गेली. आजींनी दोनदा चुका दुरुस्त केल्या. दार इकडे नव्हतं, तिकडे होतं. ओटा एवढा उंच नव्हता. अर्ध्या तासात वहीत एक अख्खी गल्ली उभी राहिली, जी त्या पाण्याखाली होती. शेवटी भाचीने त्यांचं नाव विचारलं, आणि त्यांनी ते हसत, जरा थांबून सांगितलं. ते चित्राच्या कोपऱ्यात लिहिलं आहे. इथे देत नाही, ते त्यांचं आहे.

परत आल्यावर मी तिला एक पुस्तक दिलं. ओरिजीत सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', 1994 मध्ये कल्पवृक्ष या पर्यावरण संस्थेने काढलेलं. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात, आणि ती आहे याच नर्मदेच्या खोऱ्याबद्दल. काळ्या-पांढऱ्या चित्रांत एकीकडे आदिवासी गायक सृष्टी घडवणाऱ्या कुजुम चंतूची गोष्ट गातो, दुसरीकडे दिल्लीचा तरुण पत्रकार धरणाची बातमी शोधतो. त्या पत्रकाराच्या घरी कामाला येणारी रेलकू आपलं गाव का सुटलं ते सांगते. पळवून नेलेली नाही, राणी नाही, कोणाची प्रेयसी नाही. कामवाली बाई, आणि तिची हकिगत सांगायला तिला पानं दिलेली. बाजारातल्या मोठ्या प्रकाशकांच्या वाचकात असं पुस्तक तेव्हा बसत नव्हतं. वर्षानुवर्षं त्याच्या प्रती मिळत नव्हत्या. 2022 मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्टने ते पुन्हा काढलं, आता सहज मिळतं.

चित्र हळूहळू बदलतं आहे. 2015 मध्ये 'टिंकल'ने विंगस्टार आणली, ऐझॉलची मापुई, वय 13. तेव्हा टिंकलच्या संपादक होत्या रजनी तिंडियथ. अमेरिकेत 2014 मध्ये कमला खान आली, तिच्यामागे जी. विलो विल्सन ही लेखिका आणि सना अमानत ही संपादक. जपानमध्ये तर मोतो हागिओसारख्या स्त्री-चित्रकारांनी 1970 च्या दशकातच मुलींच्या मासिकांचं रूप पालटलं. आणि आपल्या ओळखीचा सुपंडी? राम वाईरकरांनी तो रेखाटला, पुढे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर तो रेखाटू लागल्या. बापाची लेखणी इथे मुलीकडे गेली. जिथे जिथे बदल झाला, तिथे ठरवणाऱ्याच्या खुर्चीत किंवा चित्र काढणाऱ्याच्या टेबलाशी कोणीतरी बसली होती, जिला मुली वाचतात हे सिद्ध करून दाखवायची गरजच नव्हती. तिने स्वतः वाचलं होतं.

जायचं असेल तर इंदूरहून पहाटे निघा, म्हणजे बाग, कुक्षी आणि निसरपूर एका दिवसात होतात. हिवाळा सगळ्यात बरा. पाण्याच्या कडेला गाळ असतो, मुलांना एकटं सोडू नका. बसाहटीत फोटो काढण्याआधी विचारा.

आणि आपल्या मासिकाच्या तरुण मंडळींना एक विनंती. घरातल्या आजीला, आत्याला, मामीला त्यांचं जुनं गाव विचारा आणि ते चित्रात काढा. चार चौकटी पुरे. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. फक्त चौकटीत त्यांचं नाव लिहा, आणि बोलायला त्यांना फुगा मोठा ठेवा.